लहान खोलीतील स्टिरिओ ध्वनी : स्पीकरांची निवड व मांडणी

दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून गायकाचा स्वर येत असल्याचा भास, हे स्टिरिओ पद्धतीचे मर्म होय. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन याने डिसेंबर १९३१ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही कानांशी पोचणाऱ्या ध्वनींच्या वेळेतील व तीव्रतेतील फरकावरून मेंदू दिशा ठरवितो. वेळेतील हा फरक फार तर ०.७ मिलिसेकंद असतो. इतक्या सूक्ष्म फरकावर उभा असलेला भास स्पीकरांच्या किंमतीपेक्षा त्यांच्या मांडणीवर अधिक अवलंबून राहतो. बेताच्या मिळकतीचा रसिक मात्र बहुधा मोठ्या खोक्यावर पैसे घालवून बसतो.

पुण्या-मुंबईकडील दहा बाय बारा फुटांची, गिलाव्याच्या भिंतींची खोली घ्यावी. तिच्या लांबी-रुंदीमुळे अनुक्रमे सुमारे ४७ व ५७ हर्ट्झ कंप्रतेला स्थिर तरंग निर्माण होतात. कोपऱ्यात ठेवलेला मोठा वूफर या दोन्ही तरंगांना जोराने चेतवितो, आणि डग्ग्याचा घुमारा खोलीभर गढूळ पसरतो. अशा खोलीला पाच-सहा इंची वूफरची लहान जोडी पुरते.

निवड करताना समोरच्या ध्वनीइतकाच बाजूला जाणारा ध्वनी महत्त्वाचा, कारण तोच भिंतींवरून परतून श्रोत्याकडे येतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात घेतलेल्या श्रवणचाचण्यांत, समोर व बाजूला सारखाच सपाट प्रतिसाद देणारे स्पीकर श्रोत्यांनी पसंत केले. दुकानात स्पीकरच्या समोरून बाजूला सरकत जाऊन निवेदकाचा आवाज ऐकावा. शब्द एकाएकी बोजड झाले, तर तो स्पीकर सोडून द्यावा. जुनी जोडी स्वस्त पडते, परंतु वूफरच्या शंकूभोवतीची फोमची कड कुजलेली नाही ना, हे बोटाने हलकेच दाबून पाहावे.

दोन्ही स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. वरील खोलीत त्याची बाजू १.८ मीटर ठेवता येते. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. आखूड भिंतीपाशी मांडलेले हे स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सुमारे ६० सेंटिमीटरवर येतात. मागील भिंत मात्र तितक्याच अंतरावर नसावी. स्पीकरच्या पुढील पृष्ठापासून ती ६० सेंटिमीटरवर असेल, तर परतलेला तरंग १४४ हर्ट्झच्या आसपास मूळ तरंगाला छेद देतो. बाजूच्या भिंतीचा खड्डाही जवळपास तेथेच पडून आवाज पोकळ होतो. ४० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हे दोन खड्डे वेगळे पडतात. श्रोत्याची खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नये.

बाजूच्या भिंतीवरील पहिले परावर्तन या मांडणीत मूळ ध्वनीच्या सुमारे अडीच मिलिसेकंदांनी मागून येते. हेल्मुट हास यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसते की, अशा वेळी दिशा प्रथम आलेल्या ध्वनीवरूनच ठरते. परावर्तनाने ध्वनी केवळ रुंद, प्रशस्त भासतो. म्हणून सर्व भिंती गालिच्यांनी झाकण्याचा खर्च अनाठायी आहे. एका बाजूला जाड पडदा व दुसऱ्या बाजूला उघडी भिंत असल्यास मात्र चित्र कलते.

परीक्षेसाठी जुने एकमार्गी ध्वनिमुद्रण उत्तम. गायक नेमका मध्यभागी उभा राहिला पाहिजे. तो जागेवर ठरत नसेल व खर्जही क्षीण वाटत असेल, तर बहुधा एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. त्या बदलून पुन्हा ऐकावे.