समुपदेशनाला गुण येतो तो कशाने?

(नभोवाणीवरील भाषण)

औषधाने गुण आला, तर तो कोणत्या द्रव्याचा हे वैद्याला सांगता येते. परंतु ज्या उपचारात पुडी नाही, काढा नाही, केवळ दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात, त्याचा गुण येतो तो कशाने? हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे. परीक्षेत अपयश आल्यापासून खोलीचे दार लावून बसलेला मुलगा, रात्ररात्र डोळ्याला डोळा न लागणारी सून, निवृत्तीनंतर जगण्यात राम उरला नाही असे म्हणणारे वडील, यांना समुपदेशकाकडे न्यावे की नाही, आणि नेलेच तर उपयोग होत आहे हे कसे ओळखावे, ही विवंचना आज पुष्कळ घरांत आहे.

या शास्त्रात पंथ अनेक. व्हिएन्ना येथे ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोघा डॉक्टरांनी १८९५ साली उन्मादावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका रुग्ण स्त्रीने आपल्यावरील उपायाला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले होते. पुढे फ्रॉइडने मनोविश्लेषणाचा पंथ उभारला. मनोव्यथेचे मूळ बालपणीच्या, विस्मृतीत दडपलेल्या संघर्षात असते, असे त्याचे प्रतिपादन. वर्तनवादी म्हणाले, भीती ही शिकलेली गोष्ट आहे, म्हणून ती पायरीपायरीने विसरताही येते. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस व ॲरन बेक यांनी बोट ठेवले ते विचारांवर. प्रसंगापेक्षा प्रसंगाचा आपण लावलेला अर्थच माणसाला अधिक जाचतो, असे त्यांचे म्हणणे. कार्ल रॉजर्सने तर ‘रुग्ण’ हा शब्दच टाकला आणि वकिलाच्या अशिलासाठी इंग्रजीत योजतात तो ‘क्लायंट’ हा शब्द घेतला; कारण येणारा मनुष्य दुबळा नसून स्वतःचा मार्ग शोधण्यास समर्थ आहे, अशी त्याची श्रद्धा होती.

या पंथांचे आपसांत पटत नाही. मग खरा कोणता? १९३६ साली सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका छोट्या लेखात मार्मिक शंका काढली. परस्परविरुद्ध पद्धतींनी जर सारखेच यश येत असेल, तर यशाचे कारण त्यांच्या भेदात नसून त्यांच्यात जे समान आहे त्यात तर नसेल? लुइस कॅरलच्या ॲलिसच्या कथेत डोडो पक्षी शर्यतीत धावलेल्या सर्वांनाच विजयी ठरवितो; त्या निकालाची आठवण रोझेनझ्वाइगने या प्रसंगी करून दिली.

१९५२ साली हान्स आयझेंक याने तर मुळावरच घाव घातला. सौम्य मनोविकाराचे सुमारे दोनतृतीयांश लोक दोन वर्षांत आपोआपच सुधारतात, मग उपचाराचे श्रेय ते काय, असा त्याचा सवाल. त्या सवालाने संशोधकांना खडबडून जागे केले. १९७७ साली मेरी स्मिथ व जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात असे दिसले की, उपचार घेतलेला सरासरी मनुष्य उपचार न घेतलेल्या १०० पैकी ७५ जणांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो. पंथापंथांतील फरक मात्र अल्प. डोडोचा निकाल बव्हंशी खरा ठरला.

मग समान ते काय? रॉजर्सने १९५७ साली समुपदेशकाचे तीन गुण सांगितले: सोंग न आणणारा खरेपणा, अटी न घालता केलेला स्वीकार, आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचे दुःख जाणण्याची शक्ती. एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ साली या नात्याचे स्वरूप अधिक रेखीव केले. कोठे पोहोचावयाचे याविषयी दोघांचे एकमत, त्यासाठी काय करावयाचे याविषयी एकमत, आणि परस्परांवर विश्वास, अशी तीन अंगे त्याने सांगितली. २०१८ साली २९५ अभ्यासांचा आढावा घेण्यात आला, तेव्हाही हे सूत जितके चांगले जुळते तितका गुण अधिक, असाच संबंध आढळला.

यावरून गोड बोलणे म्हणजेच उपचार, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकेल. ज्याला उंचीचे भय आहे त्याला धीराचे शब्द देऊन भागत नाही. बेताबेताने उंचीवर चढावेच लागते. हात पुन्हापुन्हा धुण्याच्या चक्रात सापडलेल्याला न धुता राहण्याचा सराव करावाच लागतो. विश्वासामुळे त्याचे पाऊल उचलले जाते, आणि पद्धतीमुळे ते योग्य दिशेने पडते.

याचा सुंदर पडताळा गोव्यात मिळाला. डॉ. विक्रम पटेल व ‘संगत’ या संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी तेथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. समुपदेशक होते ते मानसशास्त्राची पदवी नसलेले सामान्य स्त्रीपुरुष. त्यांना थोड्या आठवड्यांचे शिक्षण दिले, आणि पुढे एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून ते स्वतःचे काम सुधारीत राहिले. पद्धत साधी होती. नैराश्याने मनुष्य एकेक काम सोडतो, आणि काम सुटले की मन आणखी खचते; म्हणून मन लागण्याची वाट न पाहता लहानसे काम आधी हाती घ्यावयाचे. अशा सहा ते आठ बैठकी. तीन महिन्यांनी पाहता या गटातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आपुलकी आणि शिस्त या दोन्ही गोष्टी शिकविता येतात, हा त्याचा बोध.

तेव्हा श्रोतेहो, समुपदेशकाकडे जाताना त्याच्या पंथाचे नाव विचारण्यास हरकत नाही. परंतु चार भेटींनंतर स्वतःला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा माझे ऐकून घेतो का? आम्ही काय साधावयाचे ते दोघांनाही ठाऊक आहे का? घरी गेल्यावर माझ्या वागण्यात तसूभर तरी फरक पडला का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर भिडेस्तव गप्प राहू नये. कित्येकदा सल्लार्थीची स्थिती खालावत असता समुपदेशकाच्या ते ध्यानातही येत नाही. प्रत्येक भेटीत त्याचा अनुभव विचारून घेतला तर निष्पत्ती सुधारते, हे मायकेल लॅम्बर्ट यांच्या संशोधनाने दाखविले आहे. आपली तक्रार बोलून दाखविणे हा उद्धटपणा नव्हे, उपचाराचाच तो भाग होय. त्यानेही सूत जुळले नाही, तर समुपदेशक बदलावा. समुपदेशनच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढू नये.

मात्र भ्रम होत असतील किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना गाठावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा वेळी विनामूल्य उपलब्ध आहे. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगून परत पाठविणे सोपे असते. त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकणे, आणि त्याला योग्य ठिकाणी पोहोचविणे, हे मात्र आप्तांचे कर्तव्य आहे.