इंजिनाला लगाम कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या शहरांभोवती उपनगरे पसरली आणि घरापुढे-घरामागे गवताचे मोठे तुकडे आले. गवत कापायचे, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, चार वाफे नांगरायचे. एवढ्यासाठी शेतावरचा ट्रॅक्टर फारच मोठा पडतो. या गरजेतून बागेचा छोटा ट्रॅक्टर लोकप्रिय झाला. साउथ बेंड येथील ‘व्हील हॉर्स’ची सुरुवात १९४६ सालची. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘कब कॅडेट’ १९६१ साली, तर जॉन डिअरचा ‘११०’ हा ट्रॅक्टर १९६३ साली बाजारात आला. यांतल्या पुष्कळ ट्रॅक्टरांवर विस्कॉन्सिन राज्यातल्या कोहलर कंपनीचे एका सिलिंडरचे, ओतीव लोखंडाचे इंजिन असे. (ही कंपनी न्हाणीघरातल्या टबांसाठी आणि नळांसाठीही प्रसिद्ध आहे!)

हे ट्रॅक्टर आजही हौशी माणसे भंगाराच्या भावात विकत घेतात आणि घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करतात. इंजिन साधे असल्याने पाने, पक्कड आणि फटी मोजण्याच्या पातळ पट्ट्या एवढ्यावर बरेच काम भागते. ठिणगीसाठी असलेल्या संपर्कबिंदूंमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवली, कार्बुरेटरमध्ये सुकून बसलेला पेट्रोलचा चिकटा काढला, की वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिनही अनेकदा धडधडू लागते. पण याच इंजिनात एक भाग असा आहे, की त्याच्याशी केलेला खेळ जिवावर बेतू शकतो. तो भाग म्हणजे गतिनियंत्रक, कारागिरांच्या भाषेत ‘गव्हर्नर’.

जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचाच हा छोटा वंशज. इंजिनाच्या पोटात एक दातेरी चाक फिरते. त्यावर दोन लहान वजने बिजागरीसारखी बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेरच्या बाजूस फाकतात, एका खिळीला रेटतात आणि बाहेरचा दांडा फिरतो. हा दांडा कार्बुरेटरमधली झडप मिटू पाहतो. उलट बाजूने एक स्प्रिंग तीच झडप उघडू पाहते. चालकाच्या हातातला वेगाचा दांडा थेट झडप उघडत नाही, तो फक्त या स्प्रिंगचा ताण वाढवतो. गवत दाट आले, इंजिन मंदावले, की वजने आत येतात, स्प्रिंग वरचढ होते आणि इंधनमिश्रण वाढते. गवत संपले की उलटे घडते.

आता एक प्रश्न वर्गात विचारून पाहा. वेगाचा दांडा ‘जलद’वर ठेवला आहे, पण इंजिन बंद आहे. झडप उघडी असेल की मिटलेली? बहुतेक जण ‘मिटलेली’ म्हणतील. खरे तर ती सताड उघडी असते, कारण वजने स्वस्थ आहेत आणि स्प्रिंगला अडवणारे कोणी नाही. म्हणूनच दुरुस्तीनंतर दांडा चुकीच्या कोनात आवळला गेला, तर इंजिन सुरू होताच बेफाम पळू लागते.

काही जण मात्र हे जाणूनबुजून करतात. या इंजिनांची मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्यांची. गव्हर्नर निकामी केला की फेरे वाढतात, ताकदही काही प्रमाणात वाढते, आवाज तर झकास येतो. मग बिघडले कुठे?

थोडे गणित करू. कोहलरच्या १२ अश्वशक्तीच्या ‘के ३०१’ इंजिनात दट्ट्या ३.२५ इंच, म्हणजे सुमारे ८३ मिलिमीटर वरखाली होतो. म्हणजे भुजेची त्रिज्या सुमारे ०.०४१ मीटर. मिनिटाला ३६०० फेरे म्हणजे सेकंदाला ६०. कोनीय वेग ३७७ रेडियन प्रतिसेकंद. त्रिज्येला या वेगाच्या वर्गाने गुणले की प्रवेग निघतो: गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ ६०० पट! वरच्या टोकाला तो प्रत्यक्षात आणखी थोडा जास्त असतो. दट्ट्या आणि त्याच्याबरोबर हलणारे भाग मिळून अर्धा किलो धरले, तर त्यांना थोपवायला ३०० किलो वजनाइतके बल लागते. फेरे ५४०० केले तर वेग दीडपट, पण बल सव्वादोन पट, म्हणजे ६७५ किलो. ७२०० फेऱ्यांना चौपट, १२०० किलो.

हे बल सोसतो कनेक्टिंग रॉड, आणि तो या इंजिनात ॲल्युमिनियमचा असतो. स्फोटाच्या वेळी वायूचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो, तेव्हा रॉड दाबला जातो. ते त्याला सहज सोसते. खरी परीक्षा होते ती उत्सर्जनाच्या फेरीअखेरीस. दट्ट्या वर धावत असतो आणि त्याला अडवायला वर वायूचा दाब जवळजवळ नसतो. त्याला खाली ओढून आणण्याचे काम एकटा रॉड आणि त्याच्या खालच्या टोपीचे दोन बोल्ट करतात. तेथे तो तुटला, तर तुकडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

जड चक्राची, म्हणजे फ्लायव्हीलची, गोष्ट याहून गंभीर. सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या चक्राची कड ३६०० फेऱ्यांना ताशी १६० किलोमीटरहून वेगाने धावते. कडेतला ताणही वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ओतीव लोखंड ताणाला कच्चे असते. खडूचे तसेच आहे: टोकांवर दाबून तो सहज मोडत नाही, वाकवला की ताणलेल्या बाजूने चटकन तुटतो. जुन्या चक्राला बारीक तडा असला, तर ते फुटून तुकडे चालकाच्या दिशेने येऊ शकतात. अमेरिकेत या ट्रॅक्टरांच्या ओझे ओढण्याच्या शर्यती होतात. तेथे जास्त फेऱ्यांसाठी तयार केलेल्या इंजिनांवर पोलादी चक्र आणि त्याभोवती जाड पोलादी कवच असते ते यामुळेच.

वर्गाचा नियम हाताने अनुभवता येतो. बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून मजबूत दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर बांधा, खाली ४ वॉशर अडकवा. नळीच्या किंचित खाली दोऱ्यावर शाईची खूण करा. ती खूण स्थिर राहील अशा बेताने खोडरबर डोक्यावर फिरवा आणि २० फेऱ्यांना लागणारा वेळ मोजा. मग १६ वॉशर लावून पुन्हा मोजा. वेळ निम्म्याच्या जवळपास येईल, म्हणजे दुप्पट वेगाला चौपट ओढ. प्रयोग मोकळ्या मैदानात करावा; गाठी पक्क्या हव्यात.

वेगच हवा असेल, तर फेरे न वाढवता तो मिळवता येतो. व्हील हॉर्ससारख्या पट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरात इंजिनाची ३ इंची पुली काढून ४ इंची लावली, की चाल एक तृतीयांशाने वाढते. त्याची किंमत म्हणून चाकांवरची ओढ तीन चतुर्थांशावर येते. गतिज ऊर्जा मात्र पावणेदोन पटींहून थोडी जास्त होते, आणि ती जिरवायची असते जुन्याच ब्रेकला. आमच्या मते म्हणूनच आधी ब्रेकचे अस्तर पाहावे, मग पुलीला हात लावावा.

गव्हर्नरची जुळणी तशी पाच मिनिटांची. दांड्याचा नट सैल करून झडप पूर्ण उघडायची, आतला आस वजनांना टेकेपर्यंत फिरवायचा आणि तसाच धरून नट आवळायचा. आस कोणत्या दिशेने फिरवायचा हे प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे लागते. पहिल्यांदा सुरू करताना वेगाचा दांडा ‘मंद’वर ठेवावा, चक्राच्या रेषेत कोणी उभे राहू नये आणि एक हात ठिणगी बंद करण्याच्या किल्लीवरच असावा. मग फेरेमापक लावून वेग हळूहळू वाढवायचा. काटा ३६००च्या पुढे सरकू लागला, तर किल्ली बंद करून नट पुन्हा सैल करायचा.