बॅटरी फुगली, पण बिघाड कुठे आहे?

मोटरसायकलला हौसेने लिथियम बॅटरी बसवायची, काही महिन्यांत ती फुगली की लिथियमच्या नावाने बोटं मोडायची आणि पुन्हा जुन्या लेड-ॲसिडकडे वळायचं, हा प्रकार आता गॅरेजवाल्यांच्या परिचयाचा झाला आहे. या बॅटरीचं आकर्षण खोटं नाही. लेड-ॲसिडच्या तुलनेत तिचं वजन निम्म्याहूनही कमी असतं आणि गाडी उभी राहिली तरी ती लवकर उतरत नाही. पण ती फुगली की पहिला संशय गाडीच्या चार्जिंग सर्किटवर, त्यातही मेकॅनिक ज्याला आर.आर. म्हणतात त्या रेग्युलेटर-रेक्टिफायरवर घ्यायला हवा. अनेकदा हा दोष आधीपासून गाडीत असतो. जुनी बॅटरी तो पोटात घालत होती, नवीला ते जमत नाही, इतकाच फरक.

लेड-ॲसिड बॅटरी भरल्यानंतरही चार्जिंग चालू राहिलं, तर जादा वीज आतल्या पाण्याचं विघटन करण्यात खर्च होते आणि वायू बाहेर पडतो. पाण्याची पातळी सारखी उतरणं ही ओव्हरचार्जिंगची खूणच होती. सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि ती खूणही दिसेनाशी झाली. मोटरसायकलच्या लिथियम बॅटरीत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटचे 4 सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाची कमाल मर्यादा सुमारे 3.65 व्होल्ट, म्हणजे चौघांची मिळून 14.6. त्यापुढे रेटलेली वीज सामावून घ्यायला इथे पाणी नाही. मग ग्राफाइटवर लिथियम धातूचा थर साचू लागतो, इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो, सेल तापतो आणि फुगतो. चारही सेल सारखेच भरलेले असतील याचीही खात्री नसते. एकूण आकडा 14.6 दिसत असताना एखादा सेल एकटाच मर्यादा ओलांडून बसलेला असू शकतो.

हे जादा व्होल्टेज येतं कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिनचे फेरे वाढले की मॅग्नेट कॉइलमधून येणारं व्होल्टेजही वाढतं. त्याला लगाम घालायचं काम आर.आर.चं. पुष्कळ गाड्यांतला आर.आर. शंट पद्धतीचा असतो, म्हणजे गाडीला नको असलेली वीज तो कॉइलकडेच शॉर्ट करून जिरवतो आणि त्यात स्वतः तापतो. त्यामुळे हेडलाइट काढून कमी वॅटचा एलईडी लावला की त्याचा ताण हलका होण्याऐवजी वाढतो, कारण दिवा जेवढं कमी खातो तेवढं त्याला जास्त जिरवावं लागतं. वर्षानुवर्षं तापून त्याचे आतले भाग जळाले, तर एक तर चार्जिंग बंद पडतं किंवा लगाम सुटून 16-17 व्होल्ट थेट बॅटरीवर येतात. कधी आर.आर. ठणठणीत असतो आणि घोटाळा वायरिंगमध्ये निघतो. काही गाड्यांत व्होल्टेज ओळखण्यासाठी एक वेगळी वायर इग्निशन स्विचमार्गे आलेली असते. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढला की त्या वाटेत व्होल्टेज गळतं. आर.आर.ला 14.2 दिसतात, तो बिनधास्त चार्ज करत राहतो, आणि बॅटरीवर मात्र 15 पडत असतात.

यावर कुणी म्हणेल, बॅटरीत बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, असताना काळजी कशाला? पण सगळ्या बॅटऱ्यांतला बीएमएस सारखा नसतो. काहींत तो फक्त सेलमधला समतोल राखतो, चार्जिंग तोडत नाही. जिथे तोडतो, तिथे चालत्या इंजिनमध्ये बॅटरी अचानक सर्किटबाहेर जाते, व्होल्टेजचा झटका शोषून घेणारं काही उरत नाही आणि फटका इसीयू, मीटर, दिव्यांना बसू शकतो. म्हणून बीएमएस हवाच, पण शेवटचा पहारेकरी म्हणून. आयर्न फॉस्फेट हे रसायन मुळात सुरक्षित असल्याचंही सांगतात. मोबाइलमधल्या कोबाल्टच्या सेलपेक्षा ते उष्णता जास्त सहन करतं, हे खरं. तरीही ओव्हरचार्जने आयर्न फॉस्फेटचा सेल निकामी होतो आणि त्यातून निघणारा वायू ज्वलनशील असतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, प्रोब थेट बॅटरीच्या टर्मिनलना लावा, इंजिन गरम होऊ द्या आणि ॲक्सिलरेटर हळूहळू पिळत चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत न्या. आकडा 14 ते 14.4 च्या आसपास थांबला तर ठीक. फेऱ्यांबरोबर तो चढतच गेला, 14.6 ओलांडून 15 कडे निघाला, तर नवी बॅटरी घेण्याआधी आर.आर. आणि कपलर बघायला हवेत. नवा आर.आर. घ्यायचाच असेल तर सिरीज पद्धतीचा, गाडीला जुळणारा घ्यावा. तो कमी तापतो.

बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावायची सवयही सोडावी लागेल. तिथले साधे चार्जर बॅटरी भरल्यावर थांबत नाहीत, आणि लेड-ॲसिडचे काही चार्जर सल्फेट काढण्यासाठी 15 व्होल्टच्या वर झटके देतात. लिथियमसाठी बनवलेलाच चार्जर वापरावा. बॅटरी फुगलीच असेल तर ती टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जही करू नये. काढून घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवावी आणि विक्रेत्याकडे परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.