पंख पाण्याखालचे

होडी उडते म्हटल्यावर तुम्ही लगेच वर बघायला लागलात. अरे, पंख वर नाहीत, पाण्याखाली आहेत!

अमेरिकेत ऱ्होड आयलंड म्हणून एक इवलंसं राज्य आहे. तिथल्या ब्रिस्टल नावाच्या बंदराच्या गावी नॅथॅनियल हेरेशॉफ हा होड्या बांधणारा मोठा कारागीर होऊन गेला. त्याने १८७६ साली दोन तळांची शिडाची होडी केली, न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि भल्याभल्या नौका मागे टाकल्या. मग काय, हरलेल्यांनी तक्रार केली आणि तिलाच बाद ठरवलं. खेळात काय आणि घरात काय, हरणाऱ्याला नियम बरोबर आठवतात. हो की नाही रे बंड्या?

त्याच ब्रिस्टलमध्ये आपल्या काळात स्टीव्ह आणि डेव्ह क्लार्क या बापलेकांनी एका माणसापुरती होडी केली. जेमतेम दहा फूट लांब. नाव ठेवलं यूएफओ. तळ दोन, शेजारीशेजारी.

‘आबा, आपल्या कोकणात होडीला उलांडी असते, तशी?’

शाब्बास. मात्र उलांडी एका बाजूला आणि लहान, इथे दोन्ही तळ सारखे. त्यामुळे होडी जागच्या जागी तोल धरून राहते. त्याआधी मॉथ नावाची उडती होडी गाजली होती. तिचा तळ इतका अरुंद, की थांबली की कलंडलीच. नवशिक्याचा अर्धा वेळ पोहण्यात जायचा.

आता पंख. एसटीच्या खिडकीबाहेर हात काढू नये असं लिहिलेलं असतं, आणि तुम्ही तो काढता. तळवा जरा तिरपा केला की हात आपोआप वर ढकलला जातो ना? पाण्यात नेमकं तेच होतं, आणि पाणी तर हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट! म्हणून लहानसं पातंही माणसासकट होडी उचलतं. अशी दोन पाती असतात, एक मधोमध आणि एक सुकाणूच्या टोकाला. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या नावेने हीच उचल वापरून ९ सप्टेंबर १९१९ रोजी कॅनडातल्या ब्रा दॉर तळ्यावर ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. अर्थात ती नाव इंजिनाची होती. आपल्या होडीला फक्त वारा.

तळ पाण्याबाहेर आला की पाणी कापायचं आणि लाटा उठवायचं काम संपतं. होडी आणखी पळते.

‘मग उचलही आणखी वाढेल. ती वर वरच जात राहील!’

चिंगे, तुला आज लाडू दोन. बरोबर बोललीस. पातं पृष्ठभागाच्या फार जवळ आलं, की वरची हवा खाली ओढली जाते, उचल एकदम नाहीशी होते आणि होडीचं नाक पाण्यात आपटतं. म्हणून पुढच्या बाजूला एक बारीक दांडी लोंबत सोडलेली असते. खरी गंमत त्या दांडीत आहे. होडी खाली असली की पाणी दांडीला मागे रेटतं. त्या रेट्याने मधल्या पात्याची मागची झडप खाली वळते आणि उचल वाढते. होडी वर आली की दांडीवरचा रेटा कमी होतो, ती पुन्हा पुढे येते, झडप वर वळते, उचल घटते. हे सारखं चालू असतं, आणि बॅटरी नाही की तार नाही! स्वतःला आवरण्याचं काम होडी स्वतःच करते, माणसाने फक्त शीड, सुकाणू आणि तोल सांभाळायचा.

‘आणि वारा पडला तर?’

तर काय, पंखांची उचल संपते, दोन्ही तळ पाण्यावर टेकतात आणि ती साध्या होडीसारखी तरंगत राहते. घाबरलात तरी तेच करायचं. शिडाची दोरी ढिली सोडा, वेग उतरतो, होडी आपणहून खाली बसते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की पाती वर ओढून घ्यायची, नाहीतर वाळूत रुततील.

नाही, आपल्या गुहागरला अशी होडी नाही. आणि आईला विचारल्याशिवाय पंख करायला न्हाणीघरातली फळी काढायची नाही.