गटचर्चेतील मतभेद आणि शिक्षक : एक मागोवा

गटचर्चेत विद्यार्थ्यांची जुंपली की दोषी ठरलेल्याला समज द्यायची किंवा गटच बदलायचा, हा शिक्षकांचा जुना रिवाज होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने मात्र भांडणाचे मूळ मुलांच्या स्वभावापेक्षा त्यांना दिलेल्या कामाच्या रचनेत शोधले.

या विचाराची पायाभरणी मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये केली. एकाचे यश दुसऱ्याच्या यशावर अवलंबून असेल तर मतभेद सोडवण्याकडे कल राहतो, आणि एकाच्या यशात दुसऱ्याचे अपयश असेल तर तोच मतभेद हार-जितीचा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याचा वर्गातील ठळक प्रयोग १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे झाला. वर्णविभक्त शाळा संपुष्टात येऊन गोरी, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची मुले एकत्र आली आणि तणाव वाढला, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी धड्याचे भाग पाडून प्रत्येक मुलाकडे एकच भाग सोपवला. ज्याला हिणवायचे त्याचेच ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. हीच ‘जिगसॉ’ पद्धत.

डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी १९७९ मध्ये पुढचे पाऊल टाकून मतभेद शिकण्याचे साधन ठरू शकतो असे मांडले. त्यांच्या ‘रचनात्मक वाद’ पद्धतीत मुले नेमून दिलेल्या बाजूची तयारी करतात, ती मांडतात, प्रतिपक्षाचे खंडन करतात, नंतर बाजू बदलून त्याचेच म्हणणे मांडतात आणि शेवटी पुराव्यांच्या आधारे सर्वमान्य निष्कर्षाकडे येतात. एलिझाबेथ कोहेन यांनी १९८६ च्या ग्रंथात मात्र शांत गटाविषयीही शंका उपस्थित केली. कारण हुशार समजले जाणारे मूल बोलते व बाकीची मान डोलावतात, तेव्हा तेथे एकमत नसून प्रतिष्ठेची उतरंड असते. नील मर्सर यांनीही १९९० च्या दशकात नुसती हुज्जत आणि नुसती होकारार्थी भर या दोहोंपासून, कारणे देत-मागत होणारा ‘शोधक संवाद’ वेगळा काढला.

भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने परस्परसंवादातून शिकण्यावर भर दिला, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते ही भूमिका, राज्यातील शाळांत रुजू लागली. तरीही मुलांना गोलात बसवून काम पूर्वीसारखेच एकट्याने सुटणारे ठेवले, तर त्यांना एकमेकांची गरज उरत नाही, आणि अशा गटातील भांडण कितीही कुशलतेने मिटवले तरी त्यातून कोणी काही शिकत नाही.