नाचाच्या क्लासमधून मूल घरी काय घेऊन येतं?

आजचा विषय दरवर्षी जूनमध्ये घराघरांत निघतो. शाळा सुरू होते आणि प्रश्न येतो, ‘मुलीला कथकला घालू का?’ कुठे ‘मुलगाच नाच शिकायचं म्हणतोय, काय करावं?’ असा असतो. आणि मूल आठवी-नववीत गेलं की तिसरा, ‘आता क्लास बंद करावा का? अभ्यास वाढलाय.’

तीन प्रश्न, पण मुळाशी एकच. यातून मिळणार काय? उत्तर शोधायला आपण बनारसला जाऊया. बनारस मराठी माणसाला परकं नाही. तिथे अहिल्या घाट आहे, भोसले घाट आहे, कितीतरी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदली. तिथल्या तीन मुलांच्या गोष्टीत आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.

धन्नो

पहिली मुलगी धनलक्ष्मी, घरात तिला धन्नो म्हणायचे. जन्म १९२० चा, कोलकात्यात, धनत्रयोदशीचा. घराणं बनारसचं. वडील सुखदेव महाराज संस्कृतचे जाणकार आणि कथकचे गुरू. त्या काळी नाच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोठा यायचा. घरंदाज घरातल्या मुलीनं पायांत घुंगरू बांधणं म्हणजे अब्रू गेली. तरीही सुखदेव महाराजांनी आपल्या मुलींना नाच शिकवला. परिणाम काय? समाजानं त्यांना वाळीत टाकलं. आज आपण फी आणि वेळ यांचा हिशेब करतो. या माणसानं मुलींच्या नाचासाठी जातभाईंशी संबंध तुटू दिले.

धन्नोचं लग्न आठव्या वर्षीच ठरलं होतं. तिनं शाळेत जायचा हट्ट धरला आणि ते लग्न मोडलं, असं सांगतात. शाळेत सत्यवान-सावित्रीचं नृत्यनाट्य बसवायचं होतं. तिनं बाईंना नाचून दाखवलं, भूमिका मिळवली, आणि बरोबरच्या मुलांना शिकवायचं कामही तिच्याकडेच आलं. प्रयोगाची बातमी ‘आज’ या दैनिकात आली. हे तेच हिंदी दैनिक, ज्याचं संपादन बाबूराव विष्णु पराडकर या काशीत जन्मलेल्या मराठी माणसानं दीर्घकाळ केलं. त्यानंतर वडिलांनी तिचं नाव सितारा ठेवलं आणि थोरली बहीण तारा हिच्यावर तिला शिकवायची जबाबदारी टाकली. पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि देशाला सितारादेवी मिळाल्या. १९६९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७३ मध्ये पद्मश्री. २०१४ मध्ये मुंबईतच त्या गेल्या.

या गोष्टीतला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग पुरस्कारांचा नाही. एक लहान मुलगी उभी राहते, ‘मला येतं’ असं म्हणते, करून दाखवते आणि मग दुसऱ्यांना शिकवते, हा भाग महत्त्वाचा. तो प्रत्येक मुलाच्या वाट्याला येऊ शकतो.

मुलगा नाचला तर?

दुसरं मूल त्याच घरातलं. ताराचा मुलगा गोपीकृष्ण. आजोबा सुखदेव महाराज आणि लखनऊ घराण्याचे शंभू महाराज यांच्याकडे तो कथक शिकला. १९५५ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘झनक झनक पायल बाजे’ काढला. नृत्यगुरूच्या भूमिकेत आपले केशवराव दाते, मुलाच्या भूमिकेत गोपीकृष्ण, समोर संध्या. चित्रपटाची नृत्यरचनाही गोपीकृष्ण यांचीच. तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. मुलगे नाचत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट जरूर बघावा. कथकचे मोठे गुरू म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यात शंभू महाराज, लच्छू महाराज, बिरजू महाराज आहेत. नाच बायकी आहे ही समजूत मग आली कुठून? ती आपल्या मनात आहे. मुलाच्या पायात नाही.

आणि ज्यानं नाच सोडला

तिसरं मूल सगळ्यात मजेदार. याचा जन्मही १९२० चाच, ७ एप्रिलचा, बनारसचाच. थोरले भाऊ उदय शंकर युरोपात नृत्यासाठी गाजत होते. हा दहा वर्षांचा असताना त्यांच्या मंडळीबरोबर पॅरिसला गेला आणि त्यांच्या संचात नाचू लागला. देशोदेशी प्रयोग केले. आणि १९३८ मध्ये, अठराव्या वर्षी, नाच सोडून मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे सतार शिकायला गेला. हे पंडित रविशंकर.

आता सांगा, त्यांची नाचाची वर्षं वाया गेली का? सतारवादकाला लयीची पक्की जाण लागते, हजार माणसांसमोर न डगमगता बसता यावं लागतं, रोज तासन्‌तास तेच तेच करायची तयारी लागते. यातलं बरंचसं नाचात शिकावंच लागतं. म्हणून ‘माझी मुलगी थोडीच नृत्यांगना होणार आहे?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. गणित शिकणारं प्रत्येक मूल गणितज्ञ होत नाही. नाचाचा क्लास नर्तक घडवण्यासाठी असतोच असं नाही, तो मूल घडवण्यासाठी असतो. नर्तक झालं तर आनंदच.

क्लासमध्ये नेमकं घडतं काय?

‘आत्मविश्वास वाढतो’, ‘एकाग्रता वाढते’ असं सगळेच सांगतात. ते कसं होतं, ते बघू. उदाहरण कथकचं घेऊ.

पहिल्या दिवशी मूल तत्कार शिकतं. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्.’ पहिल्या चार पावलांत उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांत डावा, उजवा, डावा, उजवा. ऐकायला सोपं आहे. करून बघा. मध्येच पाय बदलतो, आणि मोठी माणसं तिथे हमखास अडखळतात. मुलाला तोंडानं बोल म्हणायचे, हातानं टाळी द्यायची, पायानं ठेका धरायचा, हे सगळं एकाच वेळी. तोंडानं बोल म्हणण्याला पढंत म्हणतात. तीन कामं एका लयीत बांधायची म्हणजे लक्ष इकडेतिकडे जाऊच शकत नाही. एकाग्रता अशी येते. तिच्यासाठी वेगळा उपदेश लागत नाही.

मग येते तिहाई. तीनताल सोळा मात्रांचा. तीन मात्रांचा एक तुकडा घ्या, ‘तत् तत् थेई’. तो तीनदा म्हणायचा आणि शेवटचा ‘थेई’ बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. सुरुवात कुठून करायची? मध्ये विश्रांती नसेल तर नवव्या मात्रेपासून. प्रत्येक तुकड्यानंतर एक मात्रा थांबायचं असेल तर सातव्यापासून. दोन मात्रा थांबायचं असेल तर पाचव्यापासून. बोटांवर मोजून बघा, बरोबर येतं. विश्रांती एक मात्रेनं वाढली की सुरुवात दोन मात्रांनी मागे सरकते. असं का, हे मुलाला विचारा. दोन तुकड्यांच्या मध्ये विश्रांतीच्या जागा दोनच आहेत ना, म्हणून. वहीत कंटाळवाणं वाटणारं गणित इथे पायानं सुटतं, आणि उत्तर चुकलं तर लाल शेरा मिळत नाही, सम हुकते. मूल हसतं आणि पुन्हा करतं.

हे पुन्हा करणं फार मोलाचं आहे. शाळेत चूक म्हणजे गुण गेले. नाचात चूक म्हणजे परत एकदा. चुकायला न घाबरणारं मूल हीच आत्मविश्वासाची खरी व्याख्या.

चक्कर घ्या. मूल गरगर फिरतं आणि पडत नाही. त्यामागे युक्ती आहे. समोरच्या एका बिंदूवर नजर ठेवायची, अंग फिरू द्यायचं, मान सगळ्यात शेवटी झटकन फिरवून परत त्याच बिंदूवर आणायची. तोल सांभाळणारी यंत्रणा आपल्या कानाच्या आतल्या भागात असते. नजर आणि कान यांची सांगड सरावानं बसते. घरी येऊन मूल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गिरक्या घेत असेल तर रागावू नका, गृहपाठ चाललाय.

शरीराचा फायदा तर उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना सांगतात की ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी किमान ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल झाली पाहिजे. आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे प्रकारही हवेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रिक्षानं शाळेत जाणाऱ्या मुलाचं हे गणित कसं जमायचं? आठवड्यातून दोन क्लास आणि घरी रोजचा थोडा सराव यानं बराच हातभार लागतो. मैदानाची जागा मात्र क्लासनं घेऊ नये. दोन्ही हवं.

आणखी एक गोष्ट. पंधरा मुलं एका रांगेत नाचतात तेव्हा आपण पुढे पळालो तर रांग मोडते. शेजारच्याकडे न बघता त्याचं भान ठेवायला मूल शिकतं. आपल्या आज्या हे मंगळागौरीत शिकल्या. फुगडी घालताना दोघींनी एकमेकींचं वजन तोलून धरलं तरच ती फिरते, एकीनं हात सोडला की दोघी पडतात. शाळेतलं लेझीमही तेच शिकवतं. म्हणजे फायदा शास्त्रीय नृत्यातच आहे असं नाही. लोकनृत्य, भरतनाट्यम, कथक, जे मुलाला आवडेल आणि जिथे शिकवणारे चांगले असतील, ते निवडा.

क्लास निवडताना

आता कामाचं बोलू. आधी एक तास बसून क्लास बघा. गुरू चूक कशी सुधारतात, ओरडून की करून दाखवून? मागच्या रांगेतल्या मुलाकडे त्यांचं लक्ष जातं का? तुम्हाला बसू द्यायलाच नकार असेल तर दुसरा क्लास बघा.

जमीन बघा. कथकमध्ये पूर्ण तळवा आपटला जातो. नुसत्या सिमेंटवर किंवा फरशीवर तासभर आपटलं तर टाचा आणि नडग्या दुखतात. सुरुवातीला अंग मोकळं करून घेतात का, तेही पाहा. दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला ‘सहन कर’ म्हणणारा गुरू नको. घुंगरांची घाई करू नका. आधी पाय पक्का, मग थोडे घुंगरू, मग वाढवत न्यायचे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ताला-सुरावर मोकळं नाचू द्या. सात-आठपासून शिस्तीचं शिक्षण झेपतं. पुढे ज्यांना परीक्षा द्यायच्या असतील त्यांच्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या आहेत. परीक्षा चांगल्या, पण त्यांच्यासाठीच नाच असं होऊ देऊ नका.

आणि टीव्हीवरच्या स्पर्धा. २०१९ च्या जूनमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांना सूचना द्यावी लागली, की नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांना मोठ्यांच्या चित्रपटातल्या उत्तान हालचाली करायला लावू नका. सोसायटीच्या गणपतीत हीच सूचना आपणही पाळायला हवी. सात वर्षांच्या मुलीनं काय नाचावं, हे टाळ्यांनी ठरवू नये.

आठवीत बंद करायचा का?

शेवटचा प्रश्न. अभ्यास वाढतो हे खरं. पण आठवी-नववीचं वय कोणतं, ते बघा. शरीर बदलतं, मुलं अंग चोरून चालू लागतात, आरशाला घाबरतात. आपलं शरीर आपलं आहे, ते सुंदर हालचाल करू शकतं, हे कळायची खरी गरज याच वयात असते, आणि नेमका तेव्हाच आपण क्लास बंद करतो. मैदान आधीच सुटलेलं असतं. उरतो मोबाइल.

म्हणून माझं सांगणं असं, बंद करण्याऐवजी कमी करा. दोन दिवसांचा एक दिवस करा. परीक्षेचा महिना सुट्टी घ्या, पण नाव काढू नका. मूल स्वतः म्हणालं, ‘मला आता नको, मला दुसरं काही शिकायचंय,’ तर खुशाल सोडू द्या. रविशंकरांनी नाच सोडला तो सतारीसाठी. त्याचं काही बिघडलं नाही. पण ‘आता पुरे झाला तुझा नाच’ हे वाक्य मात्र आपल्या तोंडून येऊ नये. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींसाठी कथकची वाट रुळत गेली. त्याआधी बनारसमध्ये एका बापानं ती वाट खुली ठेवायला मोठी किंमत मोजली होती. आपल्याला फक्त संध्याकाळचा एक तास मोजायचाय.

यंदा क्लासला घालणार असाल तर घरी परतल्यावर मुलाला ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘मला शिकव’ म्हणा आणि पदर खोचून उभे राहा. बाबांनीही. ‘ता थेई थेई तत्’ करताना तुमचा पाय चुकला की मूल खदखदून हसेल. मग ते तुम्हाला शिकवेल. शिकवता आलं म्हणजे समजलं.