हिवाळ्याची शिदोरी

बंगळूरच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या नावांतील इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या पठारावर जानेवारीच्या पहाटे पारा 15 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि अगरा तलावाकाठी फिरायला येणारी माणसे कानटोपी चढवतात. भारतीय सैनिक सीमेवर ज्या हिवाळ्यात राहतो त्याचा या थंडीशी काही संबंध दिसत नाही. मात्र त्या हिवाळ्याची बरीचशी तयारी याच शहरात, या वसाहतीपासून काही किलोमीटरच्या टापूत होते. जवानांना शिधा आणि इंधन पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअर या दलाचे प्रशिक्षण केंद्र बंगळुरात आहे, आणि सियाचीनच्या चौक्यांवर सामान उतरवणारे चीता हेलिकॉप्टर, म्हणजे मूळच्या फ्रेंच ‘लामा’ची भारतीय आवृत्ती, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बंगळुरातील कारखान्यातच तयार होत आले.

लष्करात हिवाळ्याची सुरुवात उन्हाळ्यात होते. काश्मीरमधून लडाखला जाणारा रस्ता 11,575 फूट उंचीच्या झोजी ला खिंडीतून जातो आणि ती खिंड बर्फाने बंद होण्याआधी पीठ, डाळ, तेल, रॉकेल, औषधे आणि लोकरी कपडे वर पोचवावे लागतात. या कामाला हिवाळी साठवण म्हणतात. साठवणीचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको, कारण 1760 च्या नोव्हेंबरपासून 14 जानेवारी 1761 पर्यंत पानिपतावर अडकलेल्या मराठी छावणीची रसद तुटली होती आणि उत्तरेची थंडी अंगावर घेत ती छावणी उपाशीपोटी रणांगणात उतरली होती. रसद हा शब्द बखरी वाचताना कोरडा वाटतो, पण छावणीतल्या माणसाच्या दृष्टीने त्याच्याइतका सजीव शब्द दुसरा नसावा.

सियाचीन ही सुमारे 76 किलोमीटर लांबीची हिमनदी असून 13 एप्रिल 1984 रोजी सुरू झालेल्या ‘ऑपरेशन मेघदूत’पासून तिथे भारतीय सैन्याचा बारमाही मुक्काम आहे. जवानाला तिथे एकदम नेता येत नाही, कारण विरळ हवेत फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून धडधाकट माणूसही दगावू शकतो. म्हणून 9,000 फुटांच्या वर पहिल्या टप्प्यात 6 दिवस, 12,000 फुटांच्या वर 4 दिवस आणि 15,000 फुटांच्या वर आणखी 4 दिवस थांबून शरीराला उंचीची सवय लावली जाते. पुढे बर्फातल्या भेगांच्या वाटेवर सगळे एका दोराला बांधून घेऊन चालतात, म्हणजे एकाचा पाय गेला तर बाकीचे त्याला धरून ठेवू शकतात.

चौकीवरचा दिवस मुख्यतः पाणी करण्यात जातो. ‘पाणी करणे’ हा प्रयोग इथे शब्दशः खरा आहे: डब्यात बर्फ भरायचा, स्टोव्हवर ठेवायचा, तो वितळून तळाशी थोडेसे पाणी साचले की वरून पुन्हा बर्फ टाकायचा, आणि हे करताना पाण्याच्या प्रत्येक तांब्यासाठी रॉकेल जळत असते हे ध्यानात ठेवायचे. साताऱ्याच्या माण-खटावसारख्या दुष्काळी पट्ट्यातून भरती झालेल्या मुलाला पाण्याचा हिशेब नवीन नसतो, फक्त इथे तो टँकरऐवजी रॉकेलच्या जेरीकॅनवर मांडावा लागतो. आंघोळ आठवडेच्या आठवडे लांबते, बटाटा आणि अंडे दगडासारखे गोठतात, उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटते. रात्री पारा उणे 50 पर्यंत उतरू शकतो आणि तेव्हा आधार असतो तो बुखारीचा, म्हणजे थेंबाथेंबाने रॉकेल जाळून ऊब देणाऱ्या, धुराडे लावलेल्या पत्र्याच्या शेगडीचा. तिची काजळी थुंकीतसुद्धा उतरते, आणि बंद खोलीत तिचा विषारी वायू साचू नये म्हणून हवेला वाट ठेवावीच लागते. जोडीदार जवान, ज्याला ‘बडी’ म्हणतात, तो आपल्या सोबत्याच्या हातापायांची बोटे काळी-निळी पडली नाहीत ना हे पाहतो. घरी आईने जे पाहिले असते ते इथे जोडीदार पाहतो.

घराची ओढ या दिनक्रमापासून वेगळी काढता येत नाही. तीही रसदीबरोबरच ये-जा करते. सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते; त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ एवढेच लिहायचे असते. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि हे टपाल हाताळणाऱ्या दलाचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळच्या कामठीत आहे. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे 46 जवान कामी आले त्या साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी असे ठिकाण नसलेले पत्ते लिहून घेतले किंवा स्वतः लिहिले. आपला माणूस नकाशावर कुठे आहे हे ठाऊक नसताना त्याला मुलाचे बारसे, विहिरीचे पाणी आणि उसाची तोड कळवणे, ही त्यांनी केलेली कामगिरी इतिहासात फारशी नोंदवली गेलेली नाही. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. ती गावच्या जत्रेला जुळावी म्हणून तो अर्ज करतो, पण हेलिकॉप्टर उडणे हवामानावर अवलंबून असल्याने मंजूर झालेली छुट्टीसुद्धा बर्फात अडकते.

3 फेब्रुवारी 2016 रोजी सुमारे 19,600 फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटच्या 19व्या बटालियनच्या चौकीतील 10 जण गाडले गेले. त्यांत माण तालुक्यातील मस्करवाडीचे नर्सिंग असिस्टंट सुनील सूर्यवंशी होते, म्हणजे इतरांच्या दुखण्याखुपण्याकडे लक्ष देणे हेच ज्याचे काम तो माणूस. धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचेही निधन झाले.

ऑक्टोबर 2023 मध्ये बीएसएनएलच्या साहाय्याने सियाचीनमध्ये 15,500 फुटांहून उंच जागी मोबाइल टॉवर उभा राहिला. पूर्वी उपग्रह फोनवर मोजकी मिनिटे मिळत, तेव्हा काय बोलायचे ते मनाशी आधी ठरवून ठेवावे लागे; आता बोलणे सोपे झाले आहे, पण जे सांगायचे नाही ते अजूनही सांगितले जात नाही. त्या उंचीवर भूक मरते, समोरचे अन्न गिळवत नाही आणि वजन उतरत जाते. पलीकडून आई पहिला प्रश्न विचारते, ‘जेवलास का?’ आणि अलीकडून ‘हो, आत्ताच जेवलो’ असे उत्तर जाते.